आवाज उरला, कवी कुठे गेला? : शाहीर अमर शेख (थ्रेड)

(१) दरवर्षी १ मे जवळ आला की शाहीर अमर शेख यांची आठवण निघते आणि तिच्याखाली ठरलेले वाक्य येते : ‘संयुक्त महाराष्ट्र चळवळीचा बुलंद आवाज’. वाक्य खोटे नाही, पण अपुरे आहे, आणि हे अपुरेपण निरुपद्रवी नाही. सुमारे पंचवीस वर्षे शब्द रचणारा, ते चालीत बसवणारा आणि स्वतः लोकांपुढे उभा राहून गाणारा एक कवी या वाक्यात निव्वळ ध्वनिक्षेपक होऊन बसतो. हा थ्रेड त्या वाक्याविरुद्धचा आहे.

(२) सुरुवात वेळापूरपासून करणे सोयीचे ठरेल. सोलापूर जिल्ह्याच्या माळशिरस तालुक्यातील हे गाव अर्धनारीनटेश्वराच्या मंदिरासाठी आणि यादवकालीन मराठी शिलालेखांसाठी इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहे. वारकऱ्यांना ते परिचित आहे ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीच्या मुक्कामासाठी. पंढरपूर टप्प्यात आल्याच्या आनंदात येथे ‘धावा’ होतो आणि भारूडही रंगते. दगडात कोरलेली मराठी आणि गळ्यातून गळ्यात उतरलेली मराठी या एकाच गावात शेजारी नांदतात.

(३) भारूड म्हणजे काय, हे नीट पाहिले तर पुढचा वाद अर्धा मिटतो. सोळाव्या शतकात एकनाथांनी जोशी, गोंधळी, वासुदेव, महार अशी समाजातील नाना सोंगे घेऊन रचना केल्या. त्या वाचण्यापुरत्या नव्हत्या. त्यांत गाणे होते, अभिनय होता आणि उघड उपदेशही होता. भारूड उपदेश करते म्हणून ते काव्य नव्हे, असे आजवर कोणी म्हटलेले नाही. मग तोच निकष एका विसाव्या शतकातील शाहिराला का नाकारला जातो, हा खरा प्रश्न आहे.

(४) सोलापूरला याचा दुसराही दाखला आहे. पेशवाईच्या उत्तरकाळातील रामजोशी याच शहराचे. संस्कृताचे संस्कार असलेल्या ब्राह्मण घरातला हा माणूस तमाशाच्या फडाकडे वळला. त्याने लावण्या रचल्या, गायल्या आणि कीर्तनेही केली. १९४७ साली त्याच्यावर ‘लोकशाहीर रामजोशी’ हा चित्रपट निघाला. रामजोशी कवी की गायक, असा प्रश्न त्याच्या श्रोत्यांना पडला नसावा. शाहीर या एका शब्दात दोन्ही सामावलेले होते.

(५) हा शब्द फुटला तो वसाहतकाळात. हॅरी आर्बथनॉट अ‍ॅक्वर्थ हा इंग्रज अधिकारी आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी १८९१ मध्ये ‘इतिहासप्रसिद्ध पुरुषांचे व स्त्रियांचे पोवाडे’ प्रसिद्ध केले. हे काम मोलाचे होते, यात शंका नाही. परंतु तेव्हापासून पोवाडा हा प्रामुख्याने ‘ऐतिहासिक साधन’ ठरला. अफझलखानाच्या वधावरचा अज्ञानदासाचा पोवाडा तपशिलांसाठी तपासला जाऊ लागला. शाहीर साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहिला आणि त्याची कवीची खुर्ची रिकामी झाली.

(६) याच्या बावीस वर्षे आधी, १८६९ मध्ये, जोतीराव फुले यांनी शिवाजी महाराजांवर पोवाडा लिहिला होता. त्यांनी राजाला कुळवाड्यांचा, म्हणजे कसणाऱ्या रयतेचा राजा म्हणून मांडले. भूतकाळ सांगता सांगता वर्तमानाशी भांडणारा हा पोवाडा होता. मराठी पोवाड्याच्या या दोन वाटा लक्षात ठेवाव्यात : एक संग्रहालयाकडे जाते, दुसरी सभेकडे. अमर शेख दुसऱ्या वाटेवरचे.

(७) वेळापूर जिल्ह्याच्या पश्चिमेला, तर बार्शी ईशान्येला. त्या बार्शीत २० ऑक्टोबर १९१६ रोजी महबूब हुसेन पटेल यांचा जन्म झाला. घरची गरिबी होती. आई मुनेरबी यांच्याकडून त्यांना लोकगीतांचा वारसा मिळाला. ज्यांना त्यांच्या काव्याचे मूळ केवळ पक्षाच्या पत्रकांत शोधायचे आहे, त्यांनी येथे थोडे थांबावे. पक्ष पुढे आला. घरातले गाणे आधीचे होते.

(८) बार्शी हे तेव्हा आडवळणाचे खेडे नव्हते. १८९७ मध्ये सुरू झालेल्या बार्शी लाइट रेल्वेच्या अरुंद रुळांनी ते मोठ्या रेल्वेमार्गाला जोडले होते. बाजारपेठ होती, पुढे कापडगिरण्याही आल्या. म्हणजे मराठवाड्याच्या सीमेवरची ग्रामीण बोली आणि गिरणीचा भोंगा हे दोन्ही एकाच गावात ऐकू येत. अमर शेखांच्या गीतांत शेतकरी आणि कामगार एकत्र येतात, त्याचे पहिले कारण मार्क्सवादाच्या पुस्तकाआधी या गावात सापडते.

(९) १९३० साली सोलापुरात काय घडले, हे इतिहासप्रेमींना ठाऊक आहे. मे महिन्यात शहरात लष्करी कायदा लागू झाला. १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे यांना फाशी देण्यात आली. बार्शीतला महबूब तेव्हा चौदा वर्षांचा होता. या जिल्ह्यात वाढणाऱ्या कामगाराच्या मुलासाठी राजकारण ही वर्तमानपत्रातली बातमी उरली नव्हती.

(१०) पुढच्या आयुष्याचे टप्पे थोडक्यात असे. मोटारीवर क्लीनरचे काम, मग गिरणीत नोकरी. गिरणीतल्या संपामुळे विसापूरचा तुरुंग. तेथून साम्यवादी विचारांशी ओळख. नंतर कोल्हापूरच्या चित्रपटसृष्टीशी संबंध आणि ‘अमर शेख’ हे नाव. या यादीत संगीत विद्यालय नाही, विद्यापीठ नाही, वाङ्मयीन मासिकाचे कार्यालयही नाही. मराठी काव्याचा इतिहास ज्या दारांतून कवींना आत घेतो, त्यांपैकी एकही दार या माणसाच्या वाटेवर नव्हते.

(११) चाळीसच्या दशकातील मुंबई. १९४३ मध्ये येथे ‘इप्टा’ची स्थापना झाली. त्याच सुमारास बंगालमध्ये दुष्काळाने लाखो माणसे मरत होती. १९४४ च्या आसपास अण्णा भाऊ साठे, द. ना. गवाणकर आणि अमर शेख यांनी ‘लाल बावटा कलापथक’ उभे केले. तिघेही रचना करणारे होते. तरीही आज त्यांची वाटणी अशी होते : अण्णा भाऊ लेखक, अमर शेख आवाज आणि गवाणकर विस्मृतीत. ही वाटणी सोयीची आहे, खरी नाही.

(१२) शाहिरी सादरीकरण कसे चालते, हे समजल्याशिवाय ही चूक उमगत नाही. डफावर थाप पडते, तुणतुणे सूर धरून ठेवते, झीलकरी ओळ उचलतात. मुख्य शाहीर समोरच्या गर्दीचा अंदाज घेत कडवे लांबवतो, मध्ये गद्यात बोलतो, पुन्हा चालीवर येतो. येथे छापील संहिता हा शेवट नसून आरंभ असतो. इतरांच्या रचना गातानाही शाहीर कवीचेच काम करत असतो, आणि अमर शेख तर स्वतःच्याही रचना गात होते.

(१३) त्यांच्या शब्दांना धार होती की नाही, याबद्दल समीक्षकांचे दुमत असू शकते. सरकारचे नव्हते. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने तमाशावर निर्बंध आणले आणि लाल बावटाच्या कार्यक्रमांवर बंदीचे हत्यार उगारले. अण्णा भाऊंनी आपल्या वगांना लोकनाट्याचे रूप देऊन वाट काढली. नुसत्या गोड गळ्यावर कोणतेही सरकार बंदी घालत नाही. शब्दांवर घालते.

(१४) आता त्या प्रसिद्ध पर्वाकडे. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटनजवळ गोळीबार झाला. ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. ३० नोव्हेंबर १९५७ रोजी पंतप्रधान नेहरू प्रतापगडावर आले असता प्रचंड निदर्शने झाली. या काळात अत्रे, डांगे, एस. एम. जोशी यांच्या सभांइतकेच शाहिरांचे फड महत्त्वाचे होते. अक्षर न ओळखणाऱ्या माणसापर्यंत राज्यपुनर्रचनेचा किचकट प्रश्न पोहोचवण्याचे काम त्यांनी केले. त्यात अमर शेख आघाडीवर होते. हा त्यांचा गौरव कोणी हिरावून घेऊ नये.

(१५) मात्र याच गौरवाने त्यांना गिळले. ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड अण्णा भाऊंची. मुंबईत पोटासाठी आलेल्या कष्टकऱ्याचा विरह आणि महाराष्ट्राबाहेर राहिलेला सीमाभाग, दोन्ही त्या एका रूपकात आहेत. अमर शेखांच्या आवाजाने ती दूरवर नेली. आज ती फिरते तेव्हा कधी रचनाकार गळतो, कधी गायक, कधी दोघेही. आणि अमर शेखांची ओळख दुसऱ्याच्या रचनेवर उभी राहते, तर त्यांच्या स्वतःच्या रचना पानांतच राहतात.

(१६) त्या रचना आहेत. चळवळ ऐन भरात असताना, १९५८ मध्ये, त्यांचा ‘कलश’ हा काव्यसंग्रह आला. राज्य स्थापन होऊन तीन वर्षे झाल्यावर, १९६३ मध्ये, ‘धरतीमाता’ आला. त्याआधीचा ‘अमरगीत’ हा गीतसंग्रह आणि ‘पहिला बळी’ हे नाटक वेगळेच. १९६१ च्या ‘प्रपंच’ या चित्रपटात त्यांनी भूमिकाही केली. १ मे १९६० रोजी ज्याचे काम संपले असा माणूस हा नव्हे. आपण मात्र त्यांची कारकीर्द त्या तारखेला बंद करून टाकली आहे.

(१७) आता आक्षेप. पहिला आणि सर्वांत जोरकस : हे प्रचारकी काव्य आहे. यातले खरे आधी मान्य करावे. लाल बावटाचे शाहीर पक्षाचे होते. १९४२ मध्ये कम्युनिस्ट पक्षाने ‘छोडो भारत’ला साथ दिली नाही आणि महायुद्धाला लोकयुद्ध म्हटले. सोव्हिएत संघाचे जे स्तोत्र तेव्हा गायले गेले, ते आज वाचताना स्टालिनच्या राजवटीतील छळछावण्या आठवतात आणि मान खाली जाते. हे झाकून अमर शेखांची बाजू मांडणे म्हणजे दुसऱ्या प्रकारचा प्रचारच होय.

(१८) तथापि आक्षेपाचा न्याय सर्वांना सारखा लावावा. पेशव्यांच्या आश्रयाने रचलेला पोवाडा धन्याची स्तुती करतो, तेव्हा तो ‘परंपरा’ होतो. गिरणी कामगाराची बाजू घेणारा पोवाडा ‘प्रचार’ होतो. जेजुरीच्या सगनभाऊंच्या किंवा प्रभाकरांच्या रचना वाचताना आश्रयदात्याचे नाव बाजूला ठेवून आपण शब्दकळा पाहतो. तेवढी उदारता अमर शेखांच्या वाट्याला येऊ नये, यामागे काव्यशास्त्र नाही. आश्रयदाता सरदार आहे की कामगार, एवढाच फरक आहे.

(१९) दुसरा आक्षेप : आवाज काढून घेतला तर कागदावर काय उरते? पण हा प्रश्न ओवीला, अभंगाला, लावणीला विचारला तर मराठी काव्याचा मोठा भाग कोसळेल. आणि गिरणगावानेच दिलेले दुसरे उदाहरण पाहावे. नारायण सुर्वे यांचा ‘ऐसा गा मी ब्रह्म’ १९६२ मध्ये आला. पुढे ते १९९५ च्या परभणी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्यांचा सन्मान सर्वथा योग्य होता. त्यांच्या आणि अमर शेखांच्या विचारांत फार अंतर नव्हते. अंतर माध्यमाचे होते. सुर्व्यांची कविता साहित्याच्या ओळखीच्या रूपात, मुक्त रचनेत आली. अमर शेखांची डफ घेऊन आली, आणि डफवाल्याला दिवाणखान्यात बसवायचे की अंगणात, हे आपल्या साहित्यव्यवहाराला ठरवता आले नाही.

(२०) मुंबई विद्यापीठाने शाहीर अमर शेख यांच्या नावाने अध्यासन केले, ही समाधानाची गोष्ट आहे. ते लोककलेच्या अभ्यासाशी जोडलेले आहे, हेही लक्षात घ्यावे. लोककला हे दालन हलके नाही. पण ज्याच्या नावावर स्वतंत्र काव्यसंग्रह आहेत, त्याची गाठ काव्याच्या चर्चेतही पडायला हवी. आचार्य अत्रे यांनी त्यांची तुलना रशियन कवी मायकोव्हस्की यांच्याशी केली होती. तुलना गायकाशी केली नव्हती, कवीशी केली होती.

(२१) एक तिसरा प्रकार आक्षेपाचा नाही, स्तुतीचा आहे, आणि तो अधिक घातक आहे : ‘मुस्लिम असूनही त्यांनी महाराष्ट्रासाठी…’. या ‘असूनही’त मोठे अज्ञान आहे. श्रीगोंद्याचे शेख महंमद वारकरी परंपरेत आदराने घेतले जातात. सगनभाऊ शिकलगार मुसलमान होते. ज्या सोलापुरात कुर्बान हुसेन फाशी गेले, त्याच जिल्ह्यातला अमर शेख मराठीत गातो यात नवल ते काय? मुनेरबींच्या मुलाची मातृभूमी आणि त्याची गाण्याची भाषा यांच्यामध्ये ‘असूनही’ घालणारे आपण कोण?

(२२) आता थोडे दूर, अमेरिकेत, कारण तेथे याच प्रश्नाचे उत्तर वेगळे मिळाले. वुडी गथ्री १९१२ साली ओक्लाहोमा राज्यातील ओकीमा गावी जन्मले आणि १९६७ मध्ये वारले. म्हणजे अमर शेखांचे समकालीन. कंट्री आणि लोकसंगीताच्या गावरान चालींवर त्यांनी धुळीच्या वादळांनी विस्थापित झालेल्या शेतकऱ्यांची, मजुरांची, संघटनांची गाणी रचली आणि गिटारीवर गायली. तेही डाव्या विचारांचे, तेही जवळजवळ स्वयंशिक्षित.

(२३) १९४१ मध्ये कोलंबिया नदीवरील धरणांच्या प्रसारासाठी एका सरकारी वीज संस्थेने गथ्रींना महिनाभर नेमले. त्यांनी त्या महिन्यात सव्वीस गाणी रचली. याहून उघड ‘प्रचार’ कोणता? तरीही १९८७ मध्ये वॉशिंग्टन राज्याने त्यांतलेच एक गाणे राज्याचे लोकगीत म्हणून स्वीकारले. त्यांच्या प्रभावातून घडलेल्या बॉब डिलन यांना २०१६ चे साहित्याचे नोबेल मिळाले. गाणारा कवी हा साहित्यिक असतो का, हा वाद जगाने एवढा पुढे नेला आहे.

(२४) मात्र अमेरिकेलाही निष्पाप समजू नये. गथ्रींचे १९४० मधले सर्वांत प्रसिद्ध गाणे शाळाशाळांत देशप्रेमाचे गाणे म्हणून गायले गेले, तेव्हा खासगी मालकीवर बोट ठेवणारे कडवे बहुधा वगळले गेले. सूर ठेवला, प्रश्न काढून टाकला. राज्यसंस्था शाहिराला सामावून घेते ती अशी. त्याला गप्प करण्याची गरज उरत नाही. त्याच्यातला सोयीचा भाग मोठ्याने वाजवला की काम होते.

(२५) महाराष्ट्राने अमर शेखांचे तेच केले. १ मे हा महाराष्ट्र दिन आहे आणि कामगार दिनही आहे. त्यांच्यासाठी हे दोन दिवस नव्हते. मराठी राज्य हवे होते ते कष्टकऱ्याचे राज्य म्हणून. मुंबई हवी होती, कारण ती कामगारांच्या घामावर उभी होती. १०६ हुतात्म्यांत श्रमिकांची संख्या मोठी होती. आज समारंभात अमर शेखांचा पहिला अर्धा भाग गायला जातो. दुसरा अर्धा, म्हणजे राज्य मिळाले पण कोणाला, हा प्रश्न मंचावर येत नाही. ‘आवाज’ म्हणण्याची सोय हीच आहे. आवाजाला मत नसते.

(२६) तरुण इतिहासप्रेमींपुढचा पोवाडाही याच दिशेने आखडत चालला आहे. फेटा, तलवार, गडाची पार्श्वभूमी आणि तीस सेकंदांचा आवेश, एवढ्यात तो संपतो. शिवकालावर पोवाडे जरूर व्हावेत. पण पोवाडा हा फक्त गतवैभवाचा प्रकार आहे, हा समज फुल्यांना आणि अमर शेखांना एकाच वेळी खोडून काढतो. ज्या प्रकारात दुष्काळ, भाडे, मजुरी आणि सीमा यांवर बोलता येत होते, त्याची आपण वेशभूषा स्पर्धा करून टाकत आहोत.

(२७) अमर शेख २९ ऑगस्ट १९६९ रोजी इंदापूरजवळ मोटार अपघातात गेले. वय ५२. फुल्यांच्या शिवाजी महाराजांवरील पोवाड्याला त्याच वर्षी शंभर वर्षे झाली होती. योगायोगाला अर्थ चिकटवू नये, पण त्या शंभर वर्षांत पोवाड्याची जी सभेकडे जाणारी वाट मळली, तिच्यावरचा हा एक ठळक टप्पा होता, एवढे म्हणायला हरकत नाही.

(२८) या युक्तिवादातून कृती निघते ती साधी आहे. जुनी ध्वनिफीत पुढे पाठवताना रचना कोणाची आणि गायन कोणाचे, हे दोन्ही लिहावे. अण्णा भाऊंचे श्रेय अमर शेखांना देऊ नये आणि अमर शेखांचे कोणालाच न देता सोडू नये. ‘कलश’ आणि ‘धरतीमाता’ ग्रंथालयात मागावेत आणि मोठ्याने वाचावेत, कारण ते कानासाठी लिहिलेले आहेत. आवडले नाही तर तसे लिहावे. कवीला वाईट म्हणणे हाही त्याचा सन्मान असतो. त्याला न वाचता ‘बुलंद’ म्हणणे हा नाही.

(२९) वेळापूरच्या मुक्कामी भारूड ऐकणारा वारकरी सोंगाला हसतो, सुराला दाद देतो आणि अर्थही घरी नेतो. तिन्ही गोष्टी एकदम करताना त्याला कसलीच अडचण येत नाही. अमर शेखांच्या बाबतीत शिकलेल्या महाराष्ट्राला तेवढेच करायचे आहे.